लांब बाह्या

जळकोट,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. ईरण्णास,
अक्काचे आशीर्वाद. आमच्याकडं सगळे बरे आहेत, तुमच्याकडंही असावेत.

पत्र बघून हसशील. पण फोनवर बोलायचं तर तू दुकानात स्पीकर लावतोस, शेजारी हमाल ऐकत असतात, आणि मी तब्येतीचं काढलं की "अक्का, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतोस. कळंबच्या एका भुसार दुकानात एवढी गिऱ्हाइकं येत असती तर तू आज आमदार झाला असतास. म्हणून लिहिते आहे.

इकडची खबर म्हणजे ज्वारी बरी आहे. म्हैस आटली, त्यामुळं येळवशीच्या अमावास्येला आंबिलीसाठी ताक कुणाकडून आणायचं यावरून तुझ्या दाजींची आणि माझी रोज वादावादी. थंडी पडली तशा माझ्या कोपरांवरच्या खपल्या पुन्हा वाढल्या. तुझ्याही वाढल्या असतील. ते तू कशाला सांगशील!

भाऊबीजेला येऊ नको म्हणाले होते, सोलापूरला डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून. डोळे माझे ठणठणीत आहेत. मनगटातून तार घालून हृदयाच्या नळीत जाळी बसवली. स्टेंट म्हणतात त्याला.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस कडक भाकरी थापत होते. आधी जबडा दुखायला लागला, मग डावा हात, मग घाम. मी म्हटलं, पित्त असेल. ओवा खाल्ला, थंड दूध प्याले आणि उरलेल्या भाकरी थापायला बसले. तुझ्या दाजींनी ऐकलं नाही, पीठ लागलेल्या हातानिशी गाडीत घातलं. वाटेत मी भ्याले, ईरण्णा. लई भ्याले. हे मी त्यांनाही सांगितलेलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी छाती बघितली आणि दुसऱ्या दिवशी कोपर. म्हणाल्या, "हा सोरायसिस कधीपासून?" म्हटलं, लग्नाआधीपासून. "आणि बीपी?" मला बीपी नाही, म्हटलं. "कुणी मोजलं होतं?"

आता काय सांगू? कुणीच मोजलं नव्हतं. आशाताई मशीन घेऊन दारात यायची आणि मी आतूनच ओरडायचे, "बरी हाय गं मी, पुढच्या घरी जा." पट्टा बांधायचा म्हणजे बाही वर करावी लागते ना! लांब हाताची पोलकी मी काय हौस म्हणून शिवते?

बाईंनी मग नीट समजावलं. हा रोग कातडीवर दिसतो, पण सूज आतही असते, रक्ताच्या नळ्यांतसुद्धा. प्रत्येकालाच हृदयाचा त्रास होतो असं नाही, पण आपल्यासारख्यांना धोका जास्त. म्हणून बीपी, साखर, रक्तातली चरबी तपासत राहायचं आणि त्या डॉक्टरला कातडीचंही सांगायचं. एवढंच. मी इतकी वर्षं मलम लावून बाही खाली ओढत राहिले, आणि मला वाटलं आपण रोगाचा बंदोबस्त केला.

आपल्या आप्पांचं मी बाईंना विचारलं. त्यांच्याही गुडघ्यांवर हेच होतं, आणि खळ्यावर बसले ते पुन्हा उठले नाहीत. बाई म्हणाल्या, न तपासलेल्या माणसाचं आता कसं सांगणार? बरोबरच आहे. फक्त तेव्हा आप्पा ज्या वयाचे होते त्याच वयाचा तू आज आहेस.

मार्केट यार्डातल्या बीपी तपासणी शिबिराचं मला तुझ्या शिवांजलीनं सांगितलं. तू नर्सबाईला म्हणालास, "शर्टावरनंच बांधा," आणि ती नको म्हणाली तर चप्पल घालून सरळ दुकानात. पोरगी हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. मुरूमच्या पाहुण्यांच्या कानावर गेलं की बापाच्या अंगाला काहीतरी आहे, तर सोयरीक मोडंल. लग्न माघात आहे. तोवर तुझ्या नळ्यांनी थांबायचं, असा तुझा हिशोब.

तर आता ऐक. गुरुवारी मी मुरूमला गेले होते. शिवांजलीला आधी विचारलं. ती म्हणाली, "आत्या, जा तू. एवढ्यावरनं मोडत असंल तर मोडू दे. बाबा त्याच्यापायी दवाखान्यात जात न्हाईत, हे मला कळलं असतं तर मीच गेले असते."

मुलाचे आईवडील, गुरुसिद्धप्पा आणि म्हाळसाबाई, दोघंही घरात होते. चहा झाल्यावर मी दोन्ही बाह्या कोपरावर सारल्या. म्हटलं, हे मला आहे, माझ्या भावालाही आहे, आमच्या आप्पांना होतं. म्हाळसाबाईंनी कप खाली ठेवला.

"शिवल्यानं लागतं का?"

"न्हाय."

"पोरीला हाय?"

"आज न्हाय. पुढचं मी सांगू शकत न्हाय."

गुरुसिद्धप्पा मग म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं ते बरं केलं. घरात इचार करून कळवतो." म्हाळसाबाई मला सोडायला फाटकापर्यंत आल्या नाहीत. आज रविवार, अजून फोन नाही. येईल का, ते मला माहीत नाही. खोटी आशा मी लावत नाही.

तुला न विचारता गेले. विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. आता लपवायला काही शिल्लक नाही, तेव्हा उद्याच कळंबात कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडं जा आणि बीपीचा आकडा मला कळव.

सोयरीक मोडली तर माझं नाव घेऊन हव्या तेवढ्या शिव्या दे. उंबरा चढू देऊ नकोस, पुढच्या भाऊबीजेला येऊ नकोस, सगळं सोसेन. फक्त शिव्या द्यायला तू जिता पाहिजेस.

तुझा राग अंगावर घ्यायला तयार बसलेली,
नीलम्मा अक्का