ससा घरीच आहे

घर रिकामे पाहून घाबरू नकोस. दोन्ही मुलांना घेऊन मी तळ्याकाठच्या बागेत गेलो आहे. आठवडाभर तू सलग दोन तासही झोपली नाहीस, म्हणून उठवले नाही. ‘तुम्हाला एकट्याला दोघं झेपायची नाहीत,’ हे तुझे मत मला मुळीच मान्य नाही. बाळाच्या बाटल्या, लंगोट, टोपडे, सारे दोनदा तपासले आहे. मागच्या खेपेस थोरलीचा कापडी ससा विसरलो आणि तिच्या रडण्यापायी अर्ध्या वाटेवरून परतलो, एवढा दोष कबूल. आज तो आठवणीने पिशवीत घातला होता. तिनेच काढून तुझ्या उशाशी ठेवला. म्हणाली, ‘आई एकटी आहे ना!’ म्हणून तो ससा तिथेच राहू दिला. चारला परतू. तोवर त्याला कुशीत घेऊन पुन्हा झोप.