नेदरकोट हॉल्टची उतारू

६ एप्रिल १९६४, सोमवार
रेल्वेचा डबा आला. ट्रॅक्टरमागच्या लांब गाडीवरून, चाकांशिवाय, पण ऐटीत. सफरचंदांच्या बागेत रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर नीट बसवला. ज्या डब्यांमागे गार्ड म्हणून जन्म गेला, त्यांतलाच एक आता माझा. बायकोने, म्हणजे थर्झाने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "कोंबड्या पाळल्या तर ऐसपैस होईल."
तिला योजना सांगितली. उन्हाळ्यात शहरातले पाहुणे राहायला येतील. आमची गाडी पुन्हा सुरू झाली की डबा रेल्वेला परत. सुरू होणारच. आमची लाइन बंद केलेली नाही, थांबवलेली आहे. थर्झा म्हणाली, "रुळांवर काटेरी जाळी वाढलीय, क्लेमंट."
जाळी कापता येते.
संकल्प: रोज सकाळी डब्याचा एक कप्पा रंगवणे.

९ एप्रिल, गुरुवार
रंग आणायचा राहिला. पाठ धरली आहे.

१५ एप्रिल, बुधवार
दुपारी डबा झाडताना शेवटच्या कप्प्यातून कोंबडीचा आवाज. आमच्याकडे कोंबड्या नाहीत. शेजाऱ्याची असणार. दार उघडलं तर आत काहीच नाही. खिडकीचा चामडी पट्टा मात्र सुटलेला, काच अर्धी खाली. सकाळी मीच वर ओढून अडकवली होती. जुनं चामडं सैल पडतं.
कोपऱ्यातली सीट कोमट लागली. उन्हाने. आज ऊन नव्हतं, पण काल होतं.

२० मे, बुधवार
पहिले पाहुणे! ब्रिस्टलचे पिंकार्ड नवरा-बायको. अर्ध्या तासात दोघंही बागेत उभे. मिसेस पिंकार्ड म्हणाल्या, "शेवटच्या कप्प्यात आधीच एक बाई बसल्यात. आम्हाला सांगायचं तरी!" राखाडी टोपी, मांडीवर झाकलेली टोपली, नजर खिडकीबाहेर. मी म्हणालो, गावातलं कोणी टेकलं असेल. त्या म्हणाल्या, "त्यांच्या आरपार सीटची बटणं दिसतात हो!"
शहराच्या धुराने लोकांची नजर अधू होते. चहाला न थांबता गेले. चहासोबतचे गोड स्कोन उरले. मी खाल्ले.

२१ मे, गुरुवार
थर्झा एकदम म्हणाली, "राखाडी टोपी. झाकलेली टोपली. बुधवार. अरे, ही तर मिस व्हॉयसी."
मिस व्हॉयसी दर बुधवारी बाजाराला जायची आणि दुपारच्या गाडीने नेदरकोट हॉल्टला, आमच्या लाइनवरच्या छोट्या थांब्यावर, उतरायची. टोपलीत कधी विकायची कोंबडी, कधी विकत घेतलेली. लाइन थांबवल्यावर तिने बसमध्ये पाय ठेवायला साफ नकार दिला. सच्ची उतारू. जानेवारीत घरीच, आपल्या पलंगावर गेली.
थर्झाला शांतपणे समजावलं की मेलेली माणसं प्रवास करत नाहीत. ती म्हणाली, "कुठल्या नियमात लिहिलंय?"
संकल्प: या घरात भुताचा विषय बंद.

३ जून, बुधवार
थर्झा किटली घेऊन डब्यात गेली. मी झुडपं छाटत होतो, त्यामुळे तिथंच उभा होतो. बोलणं ऐकू येत होतं, एकाच बाईचं. बऱ्याच वेळाने बाहेर आली, चेहरा फुललेला. मी काही विचारलं नाही. ती सांगत गेली, मी ऐकलं, एवढंच.
मिस व्हॉयसी एकच गोष्ट विचारते म्हणे: "नेदरकोट आलं का?"
थर्झा म्हणाली, "तिथं ना दिवा, ना धड पाटी. सगळे तुझ्या हाकेवरच उतरायचे. मार ना एकदा हाक."
नाही मारणार. जे नसतं त्याला हाक मारणाऱ्याला वेडा म्हणतात. शिवाय नेदरकोट आलेलंच नाही. गार्डने खोटी हाक देऊ नये.

१७ जून, बुधवार
पाद्रीसाहेबांना चहाला बोलावलं. निमित्त, डब्याचं लाकूडकाम दाखवायचं. दुसरं काही नाही. त्यांनी शेवटच्या कप्प्याचं दार उघडलं, टोपी काढली, "माफ करा हं, मॅडम," म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं.
मग म्हणाले, लाकूड उत्तम आहे. चहा नको, सफरचंदाची सायडर असेल तर द्या.

८ जुलै, बुधवार
जॉब टॅपस्कॉट आला. आमच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याला म्हटलं, आपलं इंजिन कुठल्याशा शेडमध्ये झाकून ठेवलं असेल, नाही का? त्याने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "गार्डसाहेब, कापलं त्याला. मी वेल्समध्ये भंगारवाल्याकडे जाऊन बघून आलो. धुराडं गवतात पडलं होतं."
मी म्हणालो, त्या जातीची इंजिनं पुष्कळ होती, दुसरं एखादं असेल. जॉब म्हणाला, "वाफ सोडायच्या दांड्यावर माझ्याच अंगठ्याची झीज आहे. मला ओळखू येणार नाही होय?" आणि बागेच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला.
बिचाऱ्याला अलीकडे नीट दिसत नाही.

२९ जुलै, बुधवार
पाहिली. इथं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही.
पाऊस होता. गळतं का ते बघायला गेलो. ती कोपऱ्यात बसलेली, काचेवरचं पाणी तिच्यातूनही ओघळताना दिसत होतं. टोपलीत काहीतरी हललं. तिने मान वळवून विचारलं, "नेदरकोट आलं का, मिस्टर येलंड?"
अंगावर काटा आला. पण तोंडातून आपोआप निघून गेलं, "अजून नाही, मिस व्हॉयसी. थोडा उशीर आहे आज."
तिने मान डोलावली. मी दार लावलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. डब्यात उतारू बसलेली असताना लाइन बंद आहे असं कोण म्हणेल?

१९ ऑगस्ट, बुधवार
आता दर बुधवारी जातो. कधी सिग्नल पडला नाही म्हणतो, कधी रुळांवर गाई, कधी इंजिन पाणी घेतंय. ती विश्वास ठेवते. आज टोपीचा रंगही फिका दिसला. कोंबडीचा आवाज नाही. प्रकाश कमी असावा.
थर्झा रात्रीच्या जेवणाला फाडकन म्हणाली, "किती दिवस बसवून ठेवणार तिला? थकलीय ती. तुझ्या रेल्वेपायी एका म्हाताऱ्या बाईला ओलीस धरलंयस."
मी म्हणालो, सीटला चांगली गादी आहे. ती उठून गेली. मांस भरलेली पेस्टी थंडच खाल्ली.

९ सप्टेंबर, बुधवार
रूळ उखडायला माणसं आली. नेदरकोटच्याच बाजूने सुरुवात. दुपारपासून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. मी कप्प्यात गेलो तर प्रत्येक ठोक्याला ती दचकत होती. "आलं का? आलं का?" टोपली छातीशी घट्ट धरलेली. आज मला गाई सुचल्या नाहीत, सिग्नल सुचला नाही.
घरी येऊन गणवेश चढवला. कोट पोटावर लागत नव्हता. थर्झाने कॉलर सरळ केली आणि ती दारापर्यंत आली.
डब्याच्या कडेने चालत गेलो आणि हाक दिली. "नेदरकोट! नेदरकोट हॉल्ट!" आवाज मध्येच फाटला. पुन्हा दिली. दार उघडलं.
ती उठली. स्कर्ट झटकला. उतरताना माझा हात धरला. थंडीत दुधाच्या कॅनला हात लावल्यासारखं वाटलं. गवतात उभी राहून टोपी नीट केली आणि म्हणाली, "फारच उशीर केलात, मिस्टर येलंड."
मग झाडांमधून कुंपणाकडे गेली. तिथं फाटक नाही. तिचं काही अडलं नाही.

१६ सप्टेंबर, बुधवार
थर्झा किटली घेऊन गेली. तशीच भरलेली परत आणली.
संकल्प: रंगकाम. उद्यापासून.

२३ सप्टेंबर, बुधवार
भूत बघायला बसभर माणसं आली. पाद्रीसाहेब कुठंतरी बोलले असणार. मी सांगितलं, इथं कोणी नाही. त्यांना वाटलं लपवतोय. शेवटच्या कप्प्यात बसून सँडविच खाल्ले, वाट पाहिली. निघताना एकजण म्हणाला, "साधाच डबा आहे हो."
ते दारं उघडी टाकून गेले. एकेक लावत गेलो, प्रत्येक कडी ओढून पाहिली. शेवटाला पोचलो, सवयीने खिशातून हिरवा बावटा काढला, हात वर केला आणि पुढे पाहिलं.
पुढे इंजिन नव्हतं. सफरचंदाचं झाड होतं.
थर्झाने घरातून विचारलं, "काय करतोयस तिथं?"
बावटा गुंडाळला. म्हणालो, काही नाही.