सगळ्यांना एकच वीट

७ डिसेंबर
सकाळी दादाचे बूट घालून गोठ्यात गेलो. एक नंबर मोठे होतात, म्हणून दोन मोजे घातले. दादाला जाऊन आज महिना झाला. गाई, मेंढ्या, वहिनी आणि मी, सगळे ठीक.
माळावरचं गवत वाळून नुसती काडी उरली आहे. तिच्यात कस नसतो. म्हणून दादा या दिवसांत खनिजांची चाटण वीट ठेवायचा. जनावरं येता-जाता चाटतात आणि वाळका चारा अंगी लागतो. दादाची पद्धत अशी: गाईंची वीट खांबावर उंच टांगलेली, मेंढ्यांची वेगळी, खाली पेटीत. दोन माल, दोन जागा. मी जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. असला पसारा मी चालू दिला नसता.
वहिनींचा भाऊ येऊन गेला. आमच्याकडे चल म्हणतो. वहिनी म्हणाल्या, मेंढ्या आहेत तोवर मी इथेच. मला काय, दोन्ही चालेल. तरी मेंढ्या नीट जगवायच्या असं ठरवलं.

१० डिसेंबर
दुकानातून फक्त गाईंच्या विटा आणल्या. माल भारी, खनिजं जास्त. वेष्टनावर लाल अक्षरांत ‘मेंढ्यांना देऊ नये’ असं छापलंय. दोन प्रकार खपवायचे तर कंपनीला असं छापावंच लागतं. एक वीट मेंढ्यांच्या पेटीत ठेवली.
वहिनींनी विचारलं, ह्यांनी दोन वेगळ्या का ठेवल्या असतील? सवय, म्हटलं. त्या म्हणाल्या, ते काही उगाच करणाऱ्यांतले नव्हते. मी वाद घातला नाही.

१९ डिसेंबर
सिस्टीम यशस्वी. कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी मेंढी, जिला दादा मास्तरीण म्हणायचा, ती विटेपासून हलत नाही. दुसरी कुणी जवळ आली की ढुशी देते. वहिनी बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं रांधतेय भाऊजी, माझ्या हातचं कुणी असं चाटूनपुसून खाल्लं नाही.” आणि हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. विटेचे फायदे मोजताना हाही धरायला हरकत नाही.
उद्यापासून पाचला उठणे.

२० डिसेंबर
साडेसातला उठलो. थंडी होती.

११ जानेवारी
विटेने मेंढ्यांची भूक वाढली. हेच तर हवं होतं. चाऱ्याची गंजी अर्ध्यावर आली, हा वेगळा विषय. उपाय सापडला: चारा कमी, वीट जास्त. आजपासून पेटीत दोन विटा.
ही युक्ती दादाला सांगायला म्हणून तडक गोठ्यापर्यंत गेलो. दारात लक्षात आलं. आलोच आहे तर शेण ओढलं.

८ फेब्रुवारी
दूधवाला म्हणाला, तुमच्या मेंढ्या माना खाली घालून उभ्या असतात, बरं नाही का? मी सांगितलं, पोट भरलेलं, समाधानी जनावर शांतच उभं राहतं. तो म्हणाला, मग माझा मेहुणा फारच समाधानी आहे, दिवसभर जागचा हलत नाही. माणूस टवाळ आहे. याच्याशी कामापुरतं बोलायचं.
वहिनींच्या भावाचा पुन्हा फोन. त्यांनी तेच उत्तर दिलं. मी बाहेरच्या खोलीत होतो, सहज ऐकू आलं.

२ मार्च
मास्तरीण आज पुढे चालली नाही. मागे राहिली. वय झालं. ताजी वीट तोंडाशी धरली, तिने मान फिरवली. वहिनींनी तिची पापणी उलटून दाखवली. आत पिवळं होतं. उन्हात तसं दिसतं, म्हटलं. वहिनी म्हणाल्या, आपण सावलीत आहोत.

३ मार्च
लघवी काळ्या चहासारखी. पाणी कमी पीत असणार. संध्याकाळी गेली. वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून होत्या. दादाच्या वेळी बसल्या होत्या तशाच. मी पेटी पुसून काढली.

६ मार्च
आणखी तीन गेल्या. जनावरांचे डॉक्टर आले. विटेचं वेष्टन मागितलं. मी रेकॉर्डसाठी जपून ठेवलं होतं, लगेच दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.
“यात तांबं आहे. गाईला चालतं. मेंढीच्या लिव्हरमध्ये ते साठत जातं, महिनोन्‌महिने. मग एक दिवस मावेनासं होतं. इथे छापलंय की.”
मी म्हटलं, छापलेलं बरंच असतं.
डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी जमिनीकडे पाहत होत्या.
विटा काढून टाकल्या. औषध सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, तरी ज्यांच्यात साठलंय, त्यांतल्या बऱ्याच जातील. हे एक मत झालं.

१९ मार्च
मत बरोबर निघालं.
खड्डे मी आणि दूधवाला खणतो. त्याने मेहुण्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

२५ मार्च
उरलेल्या थोड्या मेंढ्या वहिनींच्या भावाने आपल्या कळपात नेल्या. तिथे त्यांची आबाळ होणार नाही. पेटी रिकामी आहे, आता जागा भरपूर झाली.
वहिनी सकाळपासून ट्रंक आवरत आहेत. मी विचारलं नाही. त्यांनाही सांगायची गरज वाटली नसावी.

२८ मार्च
टेम्पो आला. जाण्याआधी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मीठ कुठे, साखर कुठे, गॅस किती बारीक ठेवायचा, सगळं दाखवलं. मी सगळं ध्यानात ठेवल्यासारखी मान हलवली. मग म्हटलं, पाऊस झाला की नव्या मेंढ्या आणू, या वेळी त्यांची वीट वेगळी ठेवू, दादा ठेवायचा तशी. मोठा कळप करू.
त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.
“मेंढ्यांचं सोडा, भाऊजी. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, थांबा म्हणून?”
मी म्हटलं, टेम्पोवाला खोळंबलाय.

२९ मार्च
गाई उत्तम. अंगावर तकाकी आहे. दूध नेहमीएवढं.
दुपारी दोरीवरचे कपडे काढले. वहिनी जाताना चादरी धुऊन वाळत घालून गेल्या होत्या. मोठी चादर एकट्याने घडी करायची तर काठाचा मध्य हनुवटीखाली धरावा लागतो. तसा धरला. पहिली घडी वाकडी आली. उलगडून पुन्हा घातली.