ताज्या पायांची शर्यत

भोर, ता. ३ डिसेंबर १९३८

चि. हैबतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अजूनही रोज मेंढा खांद्यावर घेऊन टेकडी चढतोस हे वाचून कपाळाला हात लावला. अरे, पावसाळ्यात ते ठीक होतं, तेव्हा ताकद कमवायची होती. आता शर्यतीला महिना उरला. मेंढा आठवड्यातून एकदाच, चार फेऱ्या. त्याच दिवशी बैठका पंचवीस, त्याही झटक्याने. धावायचं एक दिवसाआड, साठ पावलं, जीव तोडून, पाचच वेळा. मधे दम पुरता बसेपर्यंत खुशाल लोळायचं. शेवटचे चार दिवस ओझ्याला शिवू नकोस. कमावलेलं कुठे जात नाही, पाय मात्र ताजे होतात.

तो वकिलांचा रघुवीर इथे तालमीत मिशीला पीळ देत हिंडतो. गेल्या साली शंभर यार्डांत मी पुढे निघालो म्हणून त्याने खिळ्यांचा बूट माझ्या टाचेवर ठेवला. शीर तुटली, माझं धावणं संपलं, आणि हा म्हणाला की चुकून लागलं. मी विसरलो नाही. तूही विसरू नकोस.

आईस दंडवत. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
सावळाराम

वेल्हे, ता. १२ डिसेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं करतो, पण अंगाला चैन नाही. आई म्हणते की पोरगं लई सुस्तावलंय, आता मेंढा बी ह्याला हसतोय. खरं सांगू? पाय इतके हलके झालेत की भीती वाटते. काल पाचवी धाव पहिलीहून जोरात झाली. रघुवीरने सगळा जोर लावावा आणि तरी त्याला माझी पाठच दिसावी, एवढंच मागणं आहे.

लेकरावर लोभ ठेवावा.

आपला,
हैबती

भोर, ता. २४ डिसेंबर

चि. हैबतीस आशीर्वाद.

वाचून हे फाडून टाक. तालमीत मी सहज बोलून गेलो की आमचा हैबती शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत रोज मेंढा घेऊन टेकडी चढणार, वर हजार बैठका. मासा गळाला लागला. रघुवीर आता रोज गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन नदीचा चढ चढतो. काल तालमीच्या पायऱ्या भिंतीला धरून उतरत होता. ते बघून वर्षात पहिल्यांदा माझ्या टाचेला बरं वाटलं. भोगू दे लेकाला!

कळावे. लोभ आहेच.

सावळाराम

वेल्हे, ता. ८ जानेवारी १९३९

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

शर्यत जिंकून तुम्हाला न भेटता निघून आलो, त्याची माफी मागत नाही.

तुमचं पत्र वाचून मीही हसलो होतो. पण तिसाव्या यार्डालाच रघुवीर मागे पडला. साठाव्याला मांड्या धरून बसला आणि पुढे चालत आला. लोकांनी मला उचलून घेतलं, मला मात्र रडू आलं. चालणाऱ्या माणसाला हरवायला वर्षभर घाम गाळला होता का? तुमचा सूड तुम्हाला मिळाला, दादा. माझा हातचा गेला.

मग तो लंगडत आला आणि विचारू लागला की हजार बैठका मारून माझे पाय चालतात तरी कसे. मी खरं ते सांगितलं, खोटं कुणी उठवलं तेही सांगितलं.  तुमची सगळी शिकवण मी त्याला कागदावर लिहून दिली आहे. येत्या साली तो ताज्या पायांनी येईल. तेव्हा त्याला असा हरवीन की पुढे करायला एकही सबब उरणार नाही.

रागवाल, ठाऊक आहे. राग असू द्यावा, लोभही असू द्यावा.

आपला,
हैबती