धोंडूबाईंच्या धवळ्यांची नक्कल

८ एप्रिल १९७९, रविवार

सात महिने इथे एक अक्षर नाही. चुकलंच. कारण सांगायला कचेरीतली मार्चअखेर आहे, पण मार्चअखेर काही सात महिन्यांची नसते!

आज भाऊ कुवेतहून आणलेलं कॅसेटचं मशीन ठेवून गेला. जाडजूड पुस्तकाएवढं. शेजारी आमचं जुनं स्पूलचं मशीन एखाद्या ट्रंकेसारखं दिसायला लागलं. ह्यांचं म्हणणं, जुनं आता काढून टाक. मान्य. पण आधी धोंडूबाईंचे धवळे नव्यावर उतरवायचे.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात त्यांना इथे पुढच्या खोलीत बसवून मी ते घेतले. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन तीच लग्न लावते. चौकपासून खालापूरपर्यंत धोंडूबाईंचं नाव होतं. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचं गाणं गेलं. बोलता येतं, गाता येत नाही. सून जया दर शनिवारी माझ्याकडे येऊन ह्याच टेपा ऐकत शिकली. आता लग्नं ती लावते.

१० एप्रिल

अकरा स्पूल, बिस्किटांचे अकरा डबे. तारखेने लावलेले नाहीत, लग्नाच्या क्रमाने लावलेत — मांडव, हळद, लग्न, पाठवणी. कॅसेटची एक बाजू पाऊण तासाची. हळद संपून थोडी जागा उरत होती, तिथे पाठवणी घालायचा माझा बेत. जया आली होती, ती हसली. म्हणाली, "पोरगी आजून हळदीच्या पाटावर हाय ताई, आन् तुमी तिला घालवता पन?"

जागा कोरी सोडली. क्रम जसाच्या तसा राहील. जुन्या मशीनच्या बटणांवर नेलपॉलिशच्या खुणा आहेत, आवाज किती, खर्ज किती — त्याही कागदावर उतरवून ठेवल्या. नव्या मशीनला तेवढी बटणंच नाहीत.

१४ एप्रिल, शनिवार

चौकला गॅरेजांच्या रांगेत लडकूचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. तो आज दोन्ही मशीनं जोडायची वायर करून घेऊन आला. जुनं उघडलं आणि मान हलवली. आतला पट्टा सैल, त्यामुळे स्पूल हळू फिरतेय. असंच उतरवलं तर जुना आजार नव्यातही जाईल, म्हणाला. नवा पट्टा घातला. हळदीची स्पूल लावली —

तो आवाज धोंडूबाईंचा नव्हे! चढा, चपळ, एखाद्या पंचविशीतल्या बाईचा. बाहेर माथेरानचा डोंगर उन्हात विरघळत होता, आणि माझ्या खोलीत कुणी अनोळखी बाई कुणाला तरी हळद लावत होती. मी मशीन बंद केलं.

पट्टा सैल कधी झाला? लडकू म्हणाला, "ते तुमालाच ठावं ताई. टेप घेताना घट्ट आसंल तर हा आवाज खरा. तवाच सैल आसंल तर आदीचा."

मला आठवत नाही. बारा वर्षं ऐकतेय, आणि आठवत नाही.

१६ एप्रिल

कचेरीत सात उतारे तपासले. प्रत्येकाखाली 'खरी नक्कल' आणि माझी सही. सातवा सही करण्याआधी मुळाशी पुन्हा ताडून पाहिला.

१८ एप्रिल

मनात जया आहे. ती त्या संथ चालीवर शिकली. चार वर्षं इकडच्या मुली त्याच चालीवर सासरी गेल्या. माझ्या सैल पट्ट्यावर?

तिची चुलतसासू सुंदरा आधीच टोमणे मारते, की जयाचे धवळे संपेपर्यंत नवरा म्हातारा होतो. भरभर गाणारी ही टेप सुंदराच्या कानावर गेली तर जयाला लग्नाला बोलावणं येईल का? रविवारी त्यांच्या गावातल्या पोशाच्या मुलीचं लग्न आहे, ते जयाच लावणार. पण लपवायचं, तर मग मी नक्कल कसली करतेय?

लडकूला सांगून जुना पट्टा पुन्हा चढवला आणि हळदीचं एक गाणं दोन्ही तऱ्हांनी उतरवून घेतलं. विचारायचं तर धोंडूबाईंनाच.

२० एप्रिल

पिशवीत मशीन घालून एसटीने गेले. धोंडूबाई ओट्यावर, डावा हात मांडीवर ठेवलेला. संथ ऐकवलं, मग भरभर. खालची शेतं रिकामी, कुठे काही हलत नव्हतं. फक्त कॅसेट फिरत होती. विचारलं, ह्यातलं तुमचं कुठलं?

म्हणाल्या, "दोनी माजं नाय गं."

वय झालं, असं मी मनात म्हटलं. मग पट्ट्याची हकिगत सांगितली. जया दारात सूप घेऊन उभी आहे हे मला दिसलंच नाही. ती म्हणाली, "मंजी मी सासूची नाय, तुमच्या मशीनची चेली." हसत म्हणाली. सूप मात्र हातात तसंच.

धोंडूबाईंनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "मी गायची तवा बाया नुसत्या बगत बसायच्या. हिच्यासंगं समद्या गातात. चार वर्सं मी ऐकतंय. मी बोलली का काय?"

जया आत गेली. मला चहा आला, तो तिनेच आणला, पण कप ठेवून लगेच परत आत गेली.

२२ एप्रिल, रविवार

पोशाच्या मांडवात जया गायली. संथच. पहिल्या दोन ओळी एकटी. मग एकेक करून सगळ्या बाया, शेवटी सुंदरासुद्धा. मी डोळे मिटून बसले. नदीत पाय सोडून बसावं तसं.

२३ एप्रिल

नक्कल पुरी हवी म्हणून आज पहिली स्पूल अगदी मुळापर्यंत मागे नेली. एरवी गाणं सुरू होतं तिथूनच लावत आले. आधी खरखर, बांगड्या, कपबशी. मग एक तरुण बाई, फार गोड बोलणारी: "इतकं भरभर नको हं, धोंडूबाई. सावकाश म्हणा. एकेक शब्द सुटा येऊ दे."

धोंडूबाई: "आसं नाय गात, बाय."

"टेपपुरतं हो."

ती बाई मी.

उद्या: कोरी कॅसेट घेऊन जयाकडे जाणे. कसं गायचं ते न सांगता.