करडईचं तेल आणि मागचं चाक

अप्पा,

परवा नातीनं नवी स्कूटर आणली. दुकानदारानं कसलंसं तेलकट काळं चोपडून टायर चकचकीत केले होते. मी पदर खोचला, साबणाचं पाणी घेतलं आणि ती नको नको म्हणत असताना दोन्ही टायर घासून काढले. तुला गं टायरातलं काय कळतं, असं तिनं विचारलं. माझे वडील गुरांचे डॉक्टर होते आणि सोलापुरात मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या तेव्हा त्यांच्याकडे एक होती, एवढंच मी सांगितलं. बाकीचं तुमच्याशीच बोलायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमची सकाळ चाकापासून सुरू व्हायची. सांगोल्याकडे जायचं असलं की चहाच्या आधी तुम्ही अंगणात उकिडवे बसता, मागचं चाक हळूहळू फिरवता आणि तळवा रबरावर टेकवून ठेवता. मी शेजारी बसून प्रश्नांची सरबत्ती लावते. हात कशाला फिरवायचा, डोळ्यांना दिसत नाही का? बाभळीचा काटा मोडून आत बसला की डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो, असं तुम्ही सांगता. वरवरचा काटा उपटून फेकता. खोल गेलेल्याला मात्र पंप आणि ठिगळ हाताशी आल्याशिवाय शिवत नाही, कारण भोकाचं बूच तोच असतो. हवा बघायची ती सकाळी, चाक गार असताना. उन्हातून आल्यावर चाक टणक लागलं म्हणून हवा सोडायची नाही. गार झालं की ते आपोआप जागेवर येतं. मला हे सारं एखाद्या विद्येसारखं वाटायचं. आई करकंबच्या शेतकऱ्याची लेक. ती म्हणायची, बायकोच्या पायात काटा मोडला तर कुणी इतकं बघत न्हाय. तुम्ही हसायचात, पण चाक सोडायचा नाहीत.

आईच्या माहेरी विहिरीतून पाणी काढायच्या मोटेच्या चामड्याला करडईचं तेल चोळत. चामडं तेल पितं, मऊ राहतं, चिरत नाही, हे तिनं आम्हाला कितीदा तरी सांगितलेलं. त्या वर्षी खंडेनवमीला तिनं तुमच्या गाडीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगोल्याकडून बोलावणं आलं. शेळ्यामेंढ्यांत साथ पसरली होती. तुम्ही चहासुद्धा न घेता निघालात, आणि इतक्या वर्षांत त्या एकाच सकाळी चाकावरून हात फिरवला नाहीत. गावाबाहेरच ओढ्यावरच्या ओल्या फरशी-पुलावर वळताना मागचं चाक सरकलं. बैलगाडीतून तुम्हाला घरी आणलं तेव्हा उजवा गुडघा मडक्याएवढा सुजला होता. काटा मोडून हवा गेली, असं तुम्ही आईला सांगितलंत. बाभळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती हळद गरम करायला आत गेली.

मग तुम्ही मला जवळ बोलावलंत. गाडीही त्याच बैलगाडीत घालून आणली होती. चाकावरून बोट फिरव, म्हणालात. बोट ओशट झालं, तेलात कालवलेली धूळ त्याला चिकटली.

"तुझ्या आईनं मोटेगत तेल चोळलंय," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "तिला कळू द्यायचं न्हाय. मायेनं केलंय तिनं. कळलं तर जन्मभर जिवाला लावून घेईल. ऱ्हाईल न्हवं तुझ्या पोटात?"

मी "व्हय" म्हटलं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

आठ दिवसांनी तुम्ही जुन्या ट्यूबचा एक तुकडा वाटीत काढून दाखवलात. तो करडईच्या तेलात बुडवून ठेवला होता. फुगून बुळबुळीत झाला होता, बोटानं ओढताच तुटला. चामड्याला जे औषध तेच रबराला विष, म्हणालात. पाय जायबंदी असतानाही तुम्हाला हे मला शिकवावंसं वाटलं, याचं आजही नवल वाटतं.

गुडघा पुन्हा कधी नीट वाकला नाही. गाडी विकली, गावोगाव फिरणं सुटलं आणि तुम्ही दवाखान्यातल्या टेबलाशी बसलात. रस्त्यानं मोटारसायकल गेली की बोलता बोलता थांबायचात. आई रोज संध्याकाळी त्याच करडईच्या तेलानं तुमचा गुडघा चोळायची. तिच्या डोक्यावरून तुम्ही माझ्याकडे बघायचात, आणि मी खाली. पोरीच्या पोटात गोष्ट राहते, असं तुम्ही मामांना अभिमानानं सांगितलंत, तेव्हा मी उठून परसात गेले होते.

अप्पा, तेल आईनं लावलं नव्हतं. नवमीला दुपारी ती शेजारी गेली होती. चामडं तेल पितं तसं रबर पितं का, हे मला बघायचं होतं. अर्धी वाटी मी चोळली, आणि पीत नाही असं दिसल्यावर पुसायचं सोडून खेळायला गेले. तुम्ही आईचं नाव घेतलंत तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

तुम्ही गेलात, मागोमाग आई गेली, शेवटपर्यंत बाभळीलाच दोष देत. तिच्या तेराव्याला भावंडं जुन्या आठवणी काढत बसली होती. तेव्हा मी ती गोष्ट पहिल्यांदा बोलले. तेल आईनंच लावलं, असंच सांगितलं. सगळे तिच्या भोळेपणाला मायेनं हसले, आणि मीही हसले.