शांघायच्या बागेत माझी छत्री

२७ एप्रिल, सोमवार

तिखटाचा डबा मेघानं पुन्हा बाहेर काढला! मी बॅगेत घालते, ती काढते. "ताई, मुलांना चायनीज कल्चर अनुभवायचं आहे. आपलं तिखट तिथं कशाला?" अनुभव ना वं, कोण नाही म्हणते! पण पोट्टे जेवले नाही का माझ्याच मागं येशील — "ताई, जरा धम्मदीपला पाहाल?" आणि माझा भाऊ, धम्मानंद, बायकोपुढं हूं नाही की चूं नाही. मले म्हणे, "ताई, तुझीही हवा पालटेल." हवा पालटाले चीन पाहिजे काय? मी उमरेडले सासरी जाऊन आली तरी पालटते.

मले सोबत काहून नेऊन राहिले, हे का मले समजत नाही? नवरा गेला, लेकरू नव्हतं, भावानं उमरेडहून नागपूरले, सक्करदऱ्याच्या घरी आणलं. तेव्हा सोनिका तान्ही होती. तिले मी मोठं केलं, मग धम्मदीप झाला तर त्याले. भावाचे उपकार आहेत, विसरली नाही. पण उपकार फेडता फेडता आया झाली मी.

ही वही मेघानं सोनिकाले दिली होती, प्रवासाचं लिहून काढ म्हणून. पोट्टीनं पलंगाखाली फेकली. चौथी शिकलेल्या आत्यानं उचलली.

१ मे

बुद्ध पौर्णिमा — अन् मी दिल्लीच्या विमानतळावर! दरवर्षी पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर असते मी या दिवशी. आज चपला ट्रेमध्ये, मी रांगेत, धम्मदीप कडेवर. एवढा मोठा पोट्टा कडेवर!

याच्यापेक्षा उमरेडची बस बरी. चंपतराव कंडक्टर माझ्यासाठी खिडकीजवळ रुमाल टाकून ठेवत. बायको वारलेली, माणूस सरळ, दोन गोष्टी बोलायचे. पण हिवाळ्यापासून तेही बिघडले. मान फिरवून तिकीट देतात, बोलणं नाही चालणं नाही. कशाचा गर्व चढला कोणाले माहीत!

३ मे, शांघाय

धम्मदीप हॉटेलात जमिनीवर लोळला. काहून? तर इथं मंचुरियन नाही! सक्करदऱ्याच्या तलावाजवळ गाडीवर मिळते आणि चीनमध्ये नाही, म्हणजे हे लोक लपवून राहिले, असं त्याचं म्हणणं. जेवण वाढणारी पोरगी घाबरून उकळतं पाणी घेऊन आली. इथं काहीही झालं का गरम पाणी देतात. शेवटी साधा भात मागवला आणि वरून माझं तिखट टाकलं. हो, आणलंच मी! पायमोज्यात बांधून. मेघानं पाहिलं. मग स्वतःच्या भातावरही चिमूटभर घेतलं.

५ मे

चहा पिण्याची शिकवणी! खरंच शिकवणी. इतकासा पेला, दूध नाही, साखर नाही, आणि प्यायच्या आधी वास घ्यायचा. मेघा फोन धरून उभी — "सोनिका, स्माइल! फील कर ना कल्चर!" सोनिका म्हणे, "गरम पाणी आहे मम्मी, काय फील करू?" बरोबर बोलली पोट्टी. मग कुंच्यानं अक्षरं काढायची शिकवणी. धम्मदीपनं शाई बापाच्या शर्टावर उडवली. "ताई, जरा याला पाहाल?" पाहूनच तर राहिली!

एक मात्र पाहण्यासारखं होतं. संध्याकाळी चौकात माझ्याच वयाच्या बाया रांगेनं नाचून राहिल्या होत्या. मोठ्ठं गाणं लावून. कोणी त्यायले म्हणत नव्हतं का लेकराले पाहा. एकीनं माझा हात धरून ओढलं. मी हात सोडवला — धम्मदीपले शू लागली होती.

६ मे

पाय सुजले. कोणी विचारलं नाही.

९ मे, शनिवार

आजचं नीट लिहिते.

सकाळी पाऊस होता. मेघा अन् धम्मानंद म्युझियमले गेले. मुलं कंटाळतील, ताई, तुम्ही बागेत बसा म्हणे. बसली. पाऊस थांबला तशी माझी लाल छत्री उघडून जमिनीवर वाळत ठेवली, अन् मागं कठड्यावर टेकली. मग पाहते तर काय, वाटेच्या दोन्ही बाजूंनी छत्र्याच छत्र्या! सगळ्या उघड्या, जमिनीवर, हरएकीवर कागद चिकटवलेला. मागं म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या. मले वाटलं, छत्र्यायचा बाजार आहे.

तेवढ्यात एक चष्मेवाली बाई आली. छत्रीकडं बोट दाखवते, माझ्याकडं दाखवते, काहीबाही विचारते. म्हटलं, "विकायची नाही, बाई!" तर आणखी दोघी आल्या. एक म्हातारा वाकून छत्रीवर कागद शोधून राहिला. सोनिकानं मोबाईल पुढं केला, त्यात समोरच्याचं बोलणं आपल्या भाषेत येते. ऐकलं अन् पोट्टी हसत सुटली.

"आत्या, छत्री नाही मागून राहिल्या! विचारतात, मुलगा आहे का मुलगी? वय किती?"

इथं म्हणे सुटीच्या दिवशी आई-बाप लेकरायचं लग्न जुळवाले असेच येऊन बसतात. पोराचं, पोरीचं वय, उंची, नोकरी, सगळं कागदावर लिहून छत्रीवर लावतात. आपल्याकडं परिचय मेळावा भरतो तसंच, पण मंडप नाही अन् भाषण नाही. मले आवडलं. झाकपाक नाही काही.

"सांग तिले, मले ना पोरगा ना पोरगी. छत्री ओली होती म्हणून ठेवली."

सोनिकानं सांगितलं. चष्मेवालीनं मले वरून खालपर्यंत पाहिलं अन् पुन्हा बोलली. सोनिका म्हणे, "विचारते, मग तुमच्या स्वतःसाठी बसल्या का?"

मायबाई! मी खो-खो हसली. "माझ्यासाठी? मले कोण मागणी घालते वं आता!"

सोनिका छत्रीची काडी वाकवत बसली होती. सहज बोलून गेली, "कंडक्टर काकांनी घातली होती ना. संत्र्याची पेटी घेऊन आले होते. तू वाडीले मावशीकडे गेली होती तेव्हा. पप्पांनी सांगितलं, ताईची इच्छा नाही. मम्मी म्हणे, आत्या गेली तर आमच्या मुलांना कोण पाहील."

मग तिनं तोंडावर हात ठेवला. तिले सांगू नको म्हटलं होतं.

चष्मेवाली उत्तरासाठी उभीच होती. मी छत्री मिटली.

ती संत्री मीच सोलून पोट्ट्यायले चारली. मेघा म्हणे, ऑफिसातून आली.

आणि चंपतराव! मी समजली गर्व चढला. त्यायले वाटलं असेल, मीच नाही म्हटली. तरी तिकीट देतच राहिले बिचारे, मान फिरवून.

१० मे

नाश्त्याच्या टेबलावर विचारलं. पोरायसमोरच.

धम्मानंद खाली मान घालून बसला. "ताई, आम्हाले वाटलं..."

"तुले काय वाटलं ते नाही विचारून राहिली. मले काहून नाही विचारलं?"

"पन्नाशीले आली तू. लोक काय म्हणतील?"

"लोक? अरे, जिथं बाप आपल्या पोरीचं वय छत्रीवर लिहून बागेत बसते, तिथं आणलं तू मले. विमानानं! कल्चर दाखवाले! पाहिलं मी कल्चर."

"ताई, हळू बोला, सगळे पाहून राहिले," मेघा म्हणे.

"पाहू दे! त्यायले मराठी येत नाही."

मग मेघा रडली. खरं रडली, ते खोटं नाही लिहिणार. "मुलांना तुमच्यासारखं कोणी नाही पाहत हो, ताई." मले राग आला अन् डोळ्यात पाणीही आलं, दोन्ही एकदम. तेवढ्यात धम्मदीपनं तोंडभर शेवया माखून घेतल्या. माझा हात सवयीनं त्याचं तोंड पुसाले गेला. अर्ध्यावरून मागं घेतला. रुमाल धम्मानंदच्या हातात दिला. म्हटलं, "घे. शीक."

आता रागाच्या खाली काय आहे ते पाहून राहिली. चंपतराव मले पसंत आहे काय? इतक्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःले घातलाच नाही. खिडकीजवळचा तो रुमाल आठवतो. धुतलेला असायचा. मी बसायच्या आधी झटकून घडी करून खिशात ठेवत. मले लहानपणापासून कोणी जागा धरून ठेवली नव्हती.

हो. पसंत आहे.

१२ मे

धम्मदीपनं विचारलं, "आत्या, तू उमरेडले राहाले जाशील?" म्हटलं, "माहीत नाही. पण तिथं मंचुरियन मिळते." म्हणे, "मग मी पण येतो."

१४ मे, नागपूर

उमरेडच्या बसमध्ये चढली. खिडकीजवळ बसली, रुमाल नव्हता तरी. चंपतराव आले, मान फिरवून म्हणाले, "कुठलं?" म्हटलं, "उमरेड एक. अन् इकडं पाहा." पाहिलं. "संत्री मीच सोलली. निरोप मात्र मले परवा चीनमध्ये मिळाला. मी नाही म्हटलंच नव्हतं. मले कोणी विचारलंच नव्हतं. आता मीच तुम्हाले विचारून राहिली." मागच्या बाया बोलायच्या थांबल्या. ऐकू दे! "रविवारी याच बसनं येते. तोवर ठरवून ठेवा, हो का नाही. मधलं काही चालणार नाही."